दुसऱ्या श्रोत्याची जागा : हेडफोन स्प्लिटर आणि सामायिक श्रवणाचा इतिहास

प्रस्तावना

हेडफोनचा इतिहास बहुधा एकांताचा इतिहास म्हणून लिहिला जातो. शुहेई होसोकावा यांनी १९८४ मध्ये वॉकमनवर लिहिलेल्या निबंधापासून मायकेल बुल यांच्या २००० मधील नागर श्रवणाच्या अभ्यासापर्यंत विवेचनाच्या केंद्रस्थानी आढळतो तो एकटा श्रोता; गर्दीतून चालणारा, परंतु कानांनी गर्दीबाहेर गेलेला. या विवेचनात तथ्य आहेच. तथापि ज्या उपकरणांनी हा एकांत घडविला त्यांच्या शेजारी एक क्षुल्लक वस्तू सातत्याने वावरत आली आहे आणि तिची दखल क्वचितच घेतली जाते. एका टोकाला एक पिन, दुसऱ्या टोकाला दोन जॅक आणि मध्ये वीतभर तार अशी ही जोडणी बाजारात ‘स्प्लिटर’ या नावाने मिळते. तिच्यामुळे एका यंत्रावर दोन व्यक्तींना आपापल्या हेडफोनने ऐकता येते. तिचे कार्य यापलीकडे नाही.

प्रस्तुत निबंधात या वस्तूच्या निमित्ताने एका प्रश्नाचा मागोवा घेतला आहे. एका यंत्रावर दुसऱ्यानेही ऐकावयाचे झाल्यास त्याची किंमत प्रत्येक काळात कशाने मोजली गेली? ध्वनीच्या तीव्रतेने, विजेने की पैशाने? हा प्रश्न तांत्रिक वाटला तरी दुसऱ्या श्रोत्यासाठी यंत्रात जागा ठेवावयाची किंवा नाही, हा निर्णय कोणी घेतला, याचे उत्तर त्यातूनच मिळते.

नळी, तार आणि वाटणी

ध्वनिमुद्रित संगीताच्या व्यवसायाचा आरंभच मुळात वाटणीने झाला. २३ नोव्हेंबर १८८९ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील ‘पॅले रॉयल’ या मद्यगृहात लुई ग्लास यांनी एडिसनचा फोनोग्राफ नाण्यावर चालणाऱ्या स्वरूपात बसविला. त्या यंत्राला चार श्रवणनळ्या जोडलेल्या होत्या आणि प्रत्येक नळीसाठी पाच सेंटचे स्वतंत्र नाणे टाकावे लागे. वैद्याच्या स्टेथोस्कोपसारख्या या नळ्या कानात घालून चार अनोळखी माणसे एकाच मेणाच्या नळकांड्यावरील एकच गीत एकाच वेळी ऐकू शकत. सहा महिन्यांच्या आत त्या एका यंत्राने हजार डॉलरहून अधिक प्राप्ती करून दिली. फोनोग्राफ घेऊन गावोगाव फिरणारे प्रदर्शक पुढे याहून अधिक फाटे असलेल्या नळ्या वापरू लागले. विजेशी कसलाही संबंध नसलेल्या या रबरी नळ्या म्हणजे स्प्लिटरचे पहिले रूप होय, असे म्हणण्यास हरकत नाही. अर्थात वाटणीची किंमत येथे उघड होती. सुई खरवडून जेवढा ध्वनी निर्माण करी तेवढ्याचेच वाटे पडत. फाटे वाढले की प्रत्येक कानाच्या वाट्याला कमी ध्वनी येई.

तारेचा प्रवाह याच सुमारास निराळ्या दिशेने वाहत होता. १८८१ च्या पॅरिस विद्युत प्रदर्शनात क्लेमाँ आदेर यांनी ऑपेरागृहातील गायन दूरध्वनीच्या तारांवरून प्रदर्शनस्थळी पोहोचविले. श्रोता दोन्ही कानांना दोन श्रवणिका लावून उभा राही आणि रंगमंचाच्या भिन्न बाजूंच्या प्रेषकांमुळे त्याला गायकाची हालचालही जाणवे. या प्रयोगातून ‘तेआत्रोफोन’ ही वर्गणीवर चालणारी सेवा १८९० मध्ये उभी राहिली आणि ती १९३२ पर्यंत टिकली. आज ज्याला जॅक म्हणतात तो खोबणीचा भागही दूरध्वनीचीच देणगी आहे. टेलिफोन एक्स्चेंजच्या स्विचबोर्डसाठी चार्ल्स स्क्रिबनर यांनी तयार केलेला स्विच मिटत्या चाकूसारखा, म्हणजे ‘जॅकनाइफ’सारखा दिसे, त्यावरून हे नाव रूढ झाले. पाव इंच व्यासाची ती जाड पिन आजही विद्युत गिटारला लावली जाते. ३.५ मिलिमीटरची बारीक पिन ट्रान्झिस्टर रेडिओबरोबर घरोघर गेली, परंतु त्या वेळी ती एकाच कानासाठी होती.

रेडिओच्या आरंभकाळात हेडफोन ही चैनीची नव्हे, तर निरुपायाची वस्तू होती. गारगोटीच्या आकाराच्या स्फटिकावर चालणाऱ्या क्रिस्टल संचाला बॅटरी लागत नसे. आकाशतारेने, म्हणजे एरिअलने, गोळा केलेली क्षीण ऊर्जा हेच त्याचे सर्व भांडवल. त्यावर कर्णा वाजणे शक्य नव्हते. २३ जुलै १९२७ रोजी लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन झाले, तेव्हा त्या केंद्राची प्रक्षेपणशक्ती अवघी १.५ किलोवॉट होती. अशा केंद्राच्या परिसरात क्रिस्टल संच बाळगणाऱ्या श्रोत्यापुढे, लंडन किंवा न्यूयॉर्कमधील श्रोत्याप्रमाणेच, एक कौटुंबिक अडचण उभी राही. संच एक, हेडफोन एक आणि ऐकणारे अनेक. त्यावर दोन तोडगे प्रचलित होते. एक म्हणजे आणखी एक हेडफोन मालिकेत अथवा समांतर जोडणे. दुसरा अधिक घरगुती होता : हेडफोन एखाद्या चिनी मातीच्या वाडग्यात ठेवावयाचा, म्हणजे वाडग्यातून ध्वनी किंचित मोठा होऊन भोवती डोकी जवळ आणून बसलेल्या मंडळींना ऐकू येई. पहिल्या तोडग्यात प्रत्येक नव्या कानागणिक इतरांचा आवाज मंदावे. घरातील वडीलधारे ऐकत असता लहानांना हेडफोन द्यावा की नाही, हा तेव्हा शब्दशः ऊर्जेच्या वाटपाचा प्रश्न होता.

निर्वात नळीचे वर्धक आणि लाउडस्पीकर आले तशी ही अडचण संपली. हेडफोन दूरध्वनीच्या, नौदलाच्या आणि वैमानिकांच्या कामापुरता उरला. घरातील संगीतासाठी तो परत आला तो १९५८ मध्ये, जेव्हा मिलवॉकी येथील जॉन कॉस यांनी स्टिरिओ हेडफोन बाजारात आणला. सामायिक श्रवणाचा आणखी एक आश्रय शाळांतील होता. अमेरिकेत १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्यान्वये भाषाशिक्षणासाठी निधी उपलब्ध झाला आणि भाषा-प्रयोगशाळांचा झपाट्याने प्रसार झाला. त्यांच्याच बरोबरीने वर्गातील टेबलावर ठेवावयाच्या, एका टेपरेकॉर्डरला अनेक हेडफोन जोडणाऱ्या पेट्या रुळल्या. महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत पुढे संगणकाधारित भाषा-प्रयोगशाळा आल्या. जेथे यंत्रे विद्यार्थ्यांहून कमी असतात तेथे एका संगणकापुढे दोन खुर्च्या आणि मध्ये एक स्प्लिटर ही व्यवस्था अध्यापकांना नवी नाही. तिचा उल्लेख खरेदीच्या यादीत ‘किरकोळ’ या सदराखाली होतो.

वॉकमनमधील दोन जॅक

१ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये सोनी कंपनीचा ‘टीपीएस-एल२’ हा पहिला वॉकमन ३३,००० येन किमतीला विक्रीस आला. त्याचे मूळ पत्रकारांसाठी बनविलेल्या ‘प्रेसमन’ या छोट्या टेपरेकॉर्डरमध्ये होते. कंपनीचे संस्थापक मासारू इबुका यांना विमानप्रवासात संगीत ऐकण्यासाठी हलके यंत्र हवे होते. म्हणून प्रेसमनमधील ध्वनिमुद्रणाची सोय काढून तेथे स्टिरिओ वर्धक बसविण्यात आला. त्याच वेळी कंपनीच्या दुसऱ्या विभागात सुमारे पन्नास ग्रॅम वजनाचा हेडफोन तयार होत होता. तोपर्यंतचे हेडफोन तीनशे-चारशे ग्रॅमचे असत. हा सर्व वृत्तांत परिचित आहे. त्या मानाने त्या यंत्राच्या कडेला असलेल्या एकाऐवजी दोन जॅकची कथा कमी सांगितली जाते.

अकिओ मोरिता यांनी ‘मेड इन जपान’ या १९८६ मधील आत्मकथनात ती नमूद केली आहे. यंत्राचा पहिला नमुना घरी नेऊन ते संगीत ऐकत बसले असता पत्नी नाराज झाल्याचे त्यांच्या लक्षात आले. आपल्याला वगळले गेले अशी तिची भावना झाली होती. तेव्हा यंत्राला दोन हेडफोन लावता आले पाहिजेत, असे त्यांनी अभियंत्यांना सांगितले. पुढील आठवड्यात गोल्फसाठी जाताना त्यांनी मोटारीत कादंबरीकार काओरू शोजी यांच्या हाती एक हेडफोन दिला आणि दुसरा स्वतः लावला. फितीवर शोजी यांच्या पत्नी, पियानोवादक हिरोको नाकामुरा यांचे वादन होते. शोजी आनंदले, काही बोलू पाहू लागले. परंतु दोघांचेही कान झाकलेले असल्याने बोलणे शक्य झाले नाही. मोरितांनी यावरही उपाय योजला. यंत्रावर एक नारिंगी बटण आले. ते दाबले की संगीत मंदावे आणि अंगभूत मायक्रोफोनमधून एकाचे बोलणे दुसऱ्याच्या कानी जाई. या सोयीला ‘हॉटलाइन’ असे नाव होते. आरंभीच्या यंत्रांवर दोन जॅकपाशी ‘गाइज’ आणि ‘डॉल्स’ अशी अक्षरे छापलेली होती. नंतर त्यांच्या जागी ‘ए’ आणि ‘बी’ आली. दुसरा श्रोता कोण असणार, याविषयीचे निर्मात्याचे अनुमान या छापील अक्षरांतून जितके स्पष्ट दिसते तितके कोणत्याही जाहिरातीतून दिसले नसते.

मोरिता यांनी या निर्णयामागील धारणाही प्रांजळपणे सांगितली आहे. एकट्यानेच संगीत ऐकत राहणे असभ्यपणाचे मानले जाईल, असे त्यांना वाटत होते. प्रत्यक्षात उलट घडले. ग्राहकांनी वॉकमन ही पूर्णतः वैयक्तिक वस्तू मानली. प्रत्येकाला स्वतःचा वॉकमन हवा होता. पॉल ड्यू गे, स्टुअर्ट हॉल व सहकारी यांनी १९९७ मध्ये वॉकमनच्या सांस्कृतिक अभ्यासावर जो ग्रंथ सिद्ध केला त्यात हाच प्रसंग उत्पादन आणि उपभोग यांच्या परस्परसंबंधाचे उदाहरण म्हणून येतो : वस्तूचा अर्थ कारखान्यात पुरता ठरत नाही, वापरणारे तो घडवितात आणि कारखान्याला त्यानुसार वस्तू बदलावी लागते. हॉटलाइन लोपली आणि हळूहळू दुसरा जॅकही गेला.

हे विवेचन मान्य करूनही एक बाब नोंदवावीशी वाटते. ग्राहकांनी दुसरा श्रोता नाकारला, हे विधान पुरते खरे नाही. त्यांनी दुसऱ्या श्रोत्यासाठी प्रत्येक यंत्रागणिक कायमची किंमत मोजण्याचे नाकारले, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. दुसरा श्रोता रोजचा नव्हता. तो प्रवासापुरता, सुट्टीपुरता, कधी एका गाण्यापुरता येई. त्याच्यासाठी यंत्राच्या अंगावर खोबण कोरण्यापेक्षा गरजेच्या वेळी खिशातून काढता येणारी तार पुरेशी होती. जी जागा निर्मात्याने सोडली ती स्प्लिटरने भरून काढली. तो कोणा एका कंपनीचा नव्हता आणि ३.५ मिलिमीटरचा जॅक असलेल्या कोणत्याही यंत्राला चाले. २३ ऑक्टोबर २००१ रोजी जाहीर झालेल्या पहिल्या आयपॉडलाही एकच जॅक होता, आणि त्याच्यासाठी निराळा स्प्लिटर शोधावा लागला नाही.

कार्य आणि मर्यादा

स्प्लिटरच्या अंतरंगात कोणताही इलेक्ट्रॉनिक घटक नसतो. स्टिरिओ पिनचे तीन भाग असतात : टोकाला डावा स्रोत, मधल्या कड्याला उजवा आणि मुळाशी दोहोंचा सामायिक परतीचा मार्ग. स्प्लिटर हे तीनही भाग दोन्ही जॅकना समांतर जोडतो, त्यामुळे दोघांनाही डावा-उजवा असा संपूर्ण स्टिरिओ ध्वनी मिळतो. लोकलच्या डब्यात दोन मैत्रिणी एकाच इअरफोनचे एकेक बोंड कानात घालून गाणे ऐकतात तेव्हा नेमके हेच होत नाही. तेथे गाण्याची उभी फाळणी होते. एकीला डावी बाजू, दुसरीला उजवी. आणि एखादे वाद्य एकाच बाजूला मुद्रित केलेले असल्यास ते दोघींपैकी एकीच्या लेखी अस्तित्वातच नसते.

समांतर जोडणीत भार निम्म्यावर येतो. ३२ ओहमचे दोन हेडफोन मिळून यंत्राला १६ ओहम दिसतात. वर्धकाचा स्वतःचा निर्गम-रोध नगण्य असेल तर दोघांनाही पूर्वीइतकाच विद्युतदाब मिळतो; आवाज कमी होत नाही, केवळ दुप्पट प्रवाह पुरवावा लागतो आणि बॅटरी थोडी लवकर उतरते. क्रिस्टल संचाशी तुलना करता येथे मोठा पालट झालेला दिसतो. पूर्वी दुसरा श्रोता पहिल्याचा ध्वनी कमी करीत असे. आता तो केवळ बॅटरीचा वाटेकरी झाला. ज्या काळात वाटणी महाग होती त्या काळात लोक वाटून ऐकत होते आणि ती जवळजवळ फुकट झाली त्याच काळात प्रत्येकाला स्वतंत्र यंत्र हवेसे झाले, ही विसंगती लक्षणीय आहे.

निर्गम-रोध १० ओहम असेल तर मात्र वाटणी पुन्हा ऐकू येऊ लागते. ३२ ओहमचा दुसरा हेडफोन जोडताच दोघांचाही ध्वनी सुमारे २ डेसिबलने उतरतो. पाच फाट्यांचा स्प्लिटर लावून पाच जण बसल्यास ही घट ६ डेसिबलच्या घरात जाते. दोन हेडफोन भिन्न जातीचे असतील तर तक्रार निराळी असते. समान विद्युतदाबावर १६ ओहमचा हेडफोन ३२ ओहमच्या दुप्पट शक्ती घेतो. संवेदनक्षमता सारखी असल्यास त्याचा आवाज सुमारे ३ डेसिबल अधिक येतो. एकाला कर्कश वाटते म्हणून आवाज कमी केला की दुसऱ्याला ऐकू येत नाही, कारण दोघांमध्ये आवाजाची चकती एकच असते. ध्वनिमुद्रण स्टुडिओत याच कारणास्तव प्रत्येक वादकाला स्वतंत्र चकती देणारा वीजचलित वितरक वापरला जातो. साध्या स्प्लिटरला जोडलेल्या दोघांनी मात्र एकमेकांकडे पाहून आवाज ठरवावा लागतो.

वापरातील बहुतेक फसगती सारख्या दिसणाऱ्या वस्तूंमुळे होतात. मोबाइलबरोबर आलेल्या पिनला तीनाऐवजी चार भाग असतात; चौथा मायक्रोफोनसाठी. मायक्रोफोन आणि परतीचा मार्ग यांचे परस्परविरुद्ध असे दोन क्रम काही वर्षे एकाच वेळी प्रचलित होते. त्यामुळे एका फोनचा इअरफोन दुसऱ्यावर लावला असता गायकाचा आवाज विरळ आणि पोकळ येई. शिवाय चार भागांची पिन एकीकडे आणि दोन जॅक दुसरीकडे अशीच, परंतु एक जॅक हेडफोनला व दुसरा मायक्रोफोनला देणारी जोडणीही दुकानात मिळते. दिसायला ती स्प्लिटरसारखीच असते आणि दोन श्रोत्यांच्या कामी येत नाही. सर्वांत घातक चूक म्हणजे स्प्लिटर उलटा वापरणे. दोन यंत्रांचा ध्वनी एका हेडफोनमध्ये आणण्यासाठी तो लावला तर दोन वर्धक एकमेकांच्या तोंडी जोडले जातात. ध्वनी विकृत होतो आणि यंत्रास इजा पोहोचण्याचा संभव असतो. एकाचे दोन करणे आणि दोहोंचे एक करणे ही विजेच्या दृष्टीने भिन्न कामे आहेत. दुसऱ्यासाठी मिश्रक लागतो.

तार गेल्यानंतर

सप्टेंबर २०१६ मध्ये ॲपल कंपनीने आयफोन ७ मधून ३.५ मिलिमीटरचा जॅक काढून टाकला. अनेक कंपन्यांनी मागाहून तेच केले. चर्चा झाली ती प्रामुख्याने चार्जिंगची खोबण अडविली जाण्याची आणि नव्या बिनतारी इअरफोनच्या किमतीची. दुसरा श्रोता यात कोठेच नव्हता. वस्तुतः सर्वाधिक हानी त्याची झाली. ब्लूटूथवर संगीत पाठविण्याची रूढ पद्धत एका उगमाकडून एका श्रोत्याकडे अशीच आखलेली होती. तिच्यावर वीतभर तारेने फाटा काढण्याची सोय नव्हती. दोघांना ऐकवावयाचे तर फोनला दोन स्वतंत्र प्रवाह पाठवावे लागतात आणि ते दोन्ही कानांच्या जोड्यांत नेमके एकाच क्षणी पोहोचतील याची काळजी घ्यावी लागते. तारेत हा प्रश्न उद्भवतच नव्हता.

२०१७ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस८ या फोनमध्ये दोन ब्लूटूथ हेडफोनवर एकाच वेळी ध्वनी पाठविण्याची सोय दिली. २०१९ मध्ये ॲपलने आयओएस १३ बरोबर ध्वनी सामायिक करण्याची सोय आणली, परंतु ती स्वतःच्या एअरपॉड्ससाठी आणि स्वमालकीच्या बीट्स नाममुद्रेच्या काही हेडफोनसाठी. मोरितांनी एका यंत्रात दोन जॅक दिले होते आणि त्यांत कोणाचाही हेडफोन चाले. येथे दुसऱ्या श्रोत्याला परत बोलावले गेले खरे, परंतु त्याने कोणत्या कंपनीची वस्तू विकत घेतलेली असावी, ही अट घालून. वाटणीची किंमत ध्वनीकडून विजेकडे आणि विजेकडून पैशाकडे सरकली. काही फोनवर आजही यूएसबी-सी खोबणीला एक जोडणी, तिला स्प्लिटर आणि त्याला दोन तारांचे हेडफोन अशी लांबलचक साखळी करून ऐकता येते. ती पाहावयास ओबडधोबड असली तरी कोणत्याही नाममुद्रेचा भेद करीत नाही.

मुंबईत याला एक नवा संदर्भ प्राप्त झाला. एप्रिल २०२३ मध्ये ‘बेस्ट’ने आपल्या बसगाड्यांत हेडफोनशिवाय मोबाइलवर ध्वनी अथवा चित्रफीत वाजविण्यास मनाई केली. सहप्रवाशांना होणारा उपद्रव पाहता हा नियम समर्थनीयच होय. तथापि आसनावर शेजारी बसून एकच चित्रफीत पाहणाऱ्या दोन भावंडांच्या दृष्टीने, दोघांत एक इअरफोन फोडणे किंवा स्प्लिटर बाळगणे एवढाच त्याचा अर्थ उरतो.

ब्लूटूथच्या मानकांचे नियमन करणाऱ्या संघटनेने जानेवारी २०२० मध्ये ‘एलई ऑडिओ’ची घोषणा केली आणि त्यातील प्रक्षेपणाच्या सोयीला जून २०२२ मध्ये ‘ऑराकास्ट’ हे नाव दिले. या पद्धतीत उगमयंत्र ध्वनी हवेत सोडून देते आणि अनुरूप हेडफोन किंवा श्रवणयंत्र असलेले कितीही श्रोते तो उचलू शकतात. एक श्रोता वाढल्याने उगमयंत्राला अधिक शक्ती लागत नाही आणि आधीच्याचा आवाजही उतरत नाही. उगमयंत्राला श्रोत्यांची संख्यासुद्धा ठाऊक नसते. १९२७ साली मुंबई केंद्रालाही वाडग्याभोवती बसलेली डोकी मोजता आली नसती. मानक सर्व कंपन्यांना खुले आहे. मात्र त्यासाठी फोन आणि हेडफोन दोन्ही नव्या पिढीचे असावे लागतात. जुन्या संगणकांवर चालणाऱ्या प्रयोगशाळेत दुसऱ्या खुर्चीवरील विद्यार्थ्याच्या कानापर्यंत ध्वनी अद्याप त्या वीतभर तारेतूनच पोहोचतो.